हनोईतल्या फळवालीने माझ्यामागे कागद पेटवला. माझे काय चुकले?

पाचपाखाडीकर (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्याची, पाचपाखाडीत वाढले. लग्न होऊन घर बदलले तरी बाजार बदलला नाही. भाजी जांभळी नाक्यावरून आणायची आणि फुले स्टेशनाजवळच्या त्याच एका मावशींकडून घ्यायची, ही आईची शिस्त मीही पाळत आले. पतीची बदली झाल्यामुळे गेल्या एप्रिलपासून आम्ही व्हिएतनाममध्ये, हनोईच्या काऊ जाय भागात राहत आहोत. मुलगी नऊ वर्षांची आहे, पती दिवसभर कार्यालयात असतात आणि मी घरी असते. बोलायला माणूस नाही ही तक्रार मी करणार नाही, कारण इमारतीत चार भारतीय कुटुंबे आहेत. मला उणीव भासते ती बाजारातल्या बोलण्याची. पिशवी पुढे केली की 'ताई, आज मेथी नका नेऊ, उद्या चांगली येईल' असे सांगणारे इथे मला कोणी नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कावड उतरवून बसल्या होत्या. एका टोपलीत पेरू होते आणि दुसरीत चक्क सीताफळे. मी हरखून गेले. दोन-तीन फळे उचलून डोळे उघडले आहेत का ते पाहिले, एखादे जरा दाबले, खुणेनेच भाव विचारला आणि तो जास्त वाटल्यावर हसून मान हलवून पुढे निघाले. वीस पावले गेले असेन, तेवढ्यात जळका वास आला म्हणून वळून पाहिले, तर त्या बाईंनी वर्तमानपत्राचा तुकडा पेटवला होता आणि तो टोपल्यांवरून व स्वतःभोवती ओवाळत होत्या. शेजारची फुलवाली माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होती.

तेव्हापासून मी ती गल्ली टाळते आणि वळसा घालून सुपरमार्केटात जाते. पती म्हणतात की फळे घ्यायची, कोड स्कॅन करायचा आणि घरी यायचे, फळवालीशी मैत्री हवी कशाला? मला मात्र ते पटत नाही. तो कागद नेमका कशासाठी होता, झालेली चूक दुरुस्त करता येईल का, आणि भाषा येत नसताना, चेहऱ्यावरूनच परकी ठरणाऱ्या बाईने अशा विक्रेत्यांशी ओळख कशी वाढवावी, हे इथे किंवा इतर कोणत्याही देशात राहून आलेल्यांनी कृपया सांगावे.

खारघर सेक्टर बारा

ताई, मी २०१६ ते २०१९ हनोईत होतो. त्या कागदाचे फार मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात, तसाच तो प्रकार आहे आणि त्याला 'दोत वीआ' म्हणतात. सकाळच्या पहिल्या विक्रीला ते 'मॉ हांग' म्हणतात, म्हणजे आपली भवानी. दिवसाचे पहिले गिऱ्हाईक कसे वागते यावर पुढचा दिवस ठरतो, ही समजूत तिथेही तितकीच पक्की आहे. फरक एवढाच की आपली मावशी 'भवानीच्या वेळेला घासाघीस नको' असे तोंडावर सांगते, पडत्या भावाने का होईना माल देते आणि नोट कपाळाला लावते. तिथली बाई परक्या माणसाला काही सांगू शकत नाही, म्हणून तिने तुमचा 'जड' पायगुण जाळून टाकला. शिवाय ऑगस्टअखेर म्हणजे त्यांच्या चांद्र पंचांगातला सातवा महिना. तो अतृप्त आत्म्यांचा मानतात, आपल्या पितृपक्षासारखा, आणि धंद्याची माणसे त्या काळात जास्तच जपून असतात. थोडक्यात, तुम्ही पितृपक्षात, भवानीच्या आधी, फळ दाबून, न घेता गेलात. जांभळी नाक्यावरसुद्धा तुम्हाला चार शब्द ऐकावे लागले असते.

दुरुस्तीचा मार्ग त्यातच आहे. एक दिवस मुद्दाम लवकर जा, फळांना हात न लावता अर्धा किलो मागा, सांगतील तो भाव द्या आणि निघा. पुढे आठवडाभर नुसते पाहायचे असेल तेव्हा मात्र दुपारनंतरच जा. सकाळी घ्यायचे नक्की असेल तरच भाव विचारायचा, हा नियम मी तीन वर्षे पाळला.

आता ओळखीबद्दल. तिथे तुम्हाला पहिल्या दोन मिनिटांत वय विचारतील. आपल्या मध्यमवर्गीय मनाला तो आगाऊपणा वाटतो, पण त्यांना ते कळल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नाही. त्यांच्या भाषेत 'मी' आणि 'तू' यांच्या जागी नातीच वापरतात. वयाने थोडी मोठी असेल ती 'चि', म्हणजे ताई, आईच्या पिढीतली 'को', त्याहून वडीलधारी व्यक्ती 'बाक', आणि लहान असेल तो किंवा ती 'एम'. आपण मावशी, काका, दादा म्हणतो, पण निदान 'मी' स्वतःसाठी राखून ठेवतो. तिथे माणूस स्वतःलाही 'ताई म्हणते' किंवा 'धाकटी म्हणते' असेच म्हणवतो. त्यामुळे वय सांगितले की तुम्हाला लगेच एक जागा मिळते. तुम्ही स्वतःहून 'चि ओइ' अशी हाक मारलीत आणि स्वतःला 'एम' म्हणालात, तर सूर, म्हणजे उच्चारातला चढउतार, चुकला तरी समोरची बाई हसून तो दुरुस्त करून देईल. सूर सहा आहेत आणि देवनागरीत ते लिहिता येत नाहीत. मी तीन वर्षांत त्यांतले चार शिकलो असेन.

दुसरे म्हणजे सुरुवात फळवालीपासून करू नका. तिला दिवसभर चालायचे असते आणि गल्लीत टेकली तरी तिचे लक्ष रस्त्याकडे असते. बर्फाचा चहा विकणारी बाई शोधा, त्याला 'चा दा' म्हणतात. तिच्याकडे वीतभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुले असतात आणि त्यांवर तुम्ही अर्धा तास बसलात तरी कोणी उठवत नाही. बरणीत शेंगदाण्याची चिक्की असते, हुबेहूब आपली. मी एकदा सुट्टीवरून परतताना लोणावळ्याची चिक्की नेली आणि आमच्या चहावाल्या 'बाक'ना दिली. त्यांनी तुकडा तोडून चावला, विचार केला आणि गूळ जास्त झाला आहे असा निकाल दिला. त्या दिवसापासून मला चिक्कीचे पैसे लावणे त्यांनी बंद केले, ते शेवटपर्यंत.

पैशांबाबत एक सावधगिरी. तिथे 'वीस' म्हणाले की वीस हजार डाँग समजायचे, कारण हजार हा शब्द बोलण्यात गाळतात. आणि २०,००० ची नोट निळी असते, तशी ५,००,००० चीही निळीच. मी पहिल्याच महिन्यात अंधारात एकीऐवजी दुसरी देऊन घरी आलो होतो. दुसऱ्या दिवशी चहाला बसलो तेव्हा 'बाक'नी ओच्यात घडी घालून ठेवलेली ती नोट काढली आणि मला शाळेतल्या मुलासारखे दोन्ही नोटा शेजारी ठेवून फरक शिकवला. कोड स्कॅन करून पैसे देण्याची सोय आता सगळीकडे झाली आहे, पण भाषा येईपर्यंत रोख द्या, कारण मोड मोजताना आकडे आपोआप कानावर पडतात. आणि नोट दोन्ही हातांनी द्या.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका. २००८ पासून हनोईतल्या साठहून अधिक रस्त्यांवर फेरीवाल्यांना बंदी आहे, आणि २०१७ च्या सुरुवातीला पदपथ मोकळे करण्याची मोहीम निघाली तेव्हा आमच्या 'बाक' काही आठवडे दिसल्याच नाहीत. अशा वेळी कोणाच्या मोबाइलमध्ये आपण आहोत, याची त्यांना धास्ती असते. पदपथावर भरणाऱ्या छोट्या बाजारालाच तिथे 'चो कॉक' म्हणतात, म्हणजे बेडूक बाजार, कारण पोलीस दिसले की टुणकन उडी मारून तो पलीकडच्या गल्लीत बसतो.

शाकाहारी असाल तर 'आन चाय' हा शब्द पाठ करा. चांद्र महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला तिथले पुष्कळ लोकही मांसाहार टाळतात, त्यामुळे तो शब्द कोणाला नवा नाही. आणि हो, थंडीत तिथे शेपू मिळते, उत्तम मिळते. ती लोक माशावर घालतात, भाजी करत नाहीत.

वाशीकर ६८

माझे मत थोडे वेगळे आहे. विक्रेती रस्त्यावर पोटासाठी बसते, आपले एकटेपण घालवण्यासाठी नाही. आपण परदेशात जातो, चार महिन्यांत 'इथल्या एका गरीब बाईशी माझी मैत्री आहे' असे गावभर सांगतो आणि बदली झाली की निघून येतो. पतींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. नीट वागावे, नीट पैसे द्यावेत आणि त्यापुढचे तिच्यावर सोपवावे.

ऐरोली खाडीकिनारा

वाशीकरांचा मुद्दा मी मेक्सिको सिटीत दोन वर्षे काढली त्यावरून अर्धा मान्य करतो. तिथे आमच्या वस्तीत दर मंगळवारी 'तियांगिस', म्हणजे आठवडी बाजार भरायचा. पहिल्या दिवशी भाजीवाल्या बाईंनी मला 'मार्चांते' म्हटले तेव्हा मला वाटले की 'व्यापारी' म्हणत आहेत, बहुधा चुकून. नंतर लक्षात आले की नेहमीचे गिऱ्हाईक विक्रेतीला 'मार्चांता' म्हणते आणि विक्रेती गिऱ्हाइकाला 'मार्चांते', म्हणजे नाते दोन्ही बाजूंनी एकाच शब्दाने बांधलेले. तिथे कोणी मैत्रीचे नाव काढत नाही, काढण्याची गरजही पडत नाही. खरेदी झाल्यावर वर जे मूठभर घालतात, त्याला 'पिलोन' म्हणतात. आपल्याकडे कोथिंबीर-कढीपत्ता घालतात तसेच, आणि ते मागून मिळवण्यापेक्षा न मागता मिळाले की समजावे, आपण तिथले झालो. दिवसाच्या पहिल्या कमाईची नोट हातात आली की ते क्रुसाची खूण करतात, आणि दुकानात पाटी असते 'आज उधार नाही, उद्या मिळेल.' ही पाटी मी कोपरखैरण्यात लहानपणापासून वाचत आलो होतो.

मी शाकाहारी असल्यामुळे सुरुवातीला फार अवघडलो. रस्त्यावरच्या तव्यावर, ज्याला ते 'कोमाल' म्हणतात, मक्याच्या पोळीत सारण भरून देणाऱ्या एका आजींना मी रोज तोच प्रश्न विचारायचो की यात डुकराची चरबी आहे का. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी तव्याचा एक कोपरा वेगळा ठेवला. त्यावर भोपळ्याची फुले, निवडुंगाची भाजी आणि मक्याच्या कणसावरची काळी काणी, म्हणजे बुरशीसुद्धा, भाजून खाऊ घातली. काणी लागलेले कणीस आपला शेतकरी फेकून देतो, तिथे ते चढ्या भावाने विकले जाते. मी गावी वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही.

तिथली आणखी एक रीत मला शिकवून गेली. टाको आधी उभ्या उभ्या खायचे आणि शेवटी विक्रेता विचारतो, 'किती झाले?' तुम्ही सांगाल तो आकडा. तो मोजत नाही, निदान मोजतो असे दाखवत नाही. परक्या माणसावर पहिल्याच दिवशी टाकलेला तो विश्वास आहे, तेव्हा आपणही भावाच्या बाबतीत प्रत्येक वेळी मनात रुपये करून पाहण्याची सवय सोडावी. दोन-पाच पेसो जास्त गेले असतील माझे. गेले.

जांभळी नाका

मी या चर्चेत दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण माझी आई तीस वर्षे जांभळी नाक्यावर पालेभाजी विकत होती. पहाटे साडेतीनला चार जणी मिळून टेम्पो करायच्या, वाशीच्या घाऊक बाजारातून माल आणायच्या आणि सहाला जागेवर बसायच्या. मी शाळा सुटल्यावर तिथेच अभ्यासाला बसायचे, त्यामुळे गिऱ्हाइके मी खालून पाहिली आहेत, म्हणजे गोणपाटावर बसलेल्या माणसाला उभी माणसे जशी दिसतात तशी.

आईकडे काही वर्षे एक परदेशी बाई येत असत. त्यांचे पती ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तज्ज्ञ म्हणून आले होते. पहिल्या दिवशी चाळीस रुपयांच्या भाजीला त्यांनी शंभराची नोट दिली आणि उरलेले घेण्यास हसून नकार दिला. दुसऱ्या दिवशीही तसेच. आईला ते मुळीच आवडले नाही. 'मी काय भीक मागायला बसले आहे का?' असे ती आम्हाला म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी तिने साठ रुपयांची मेथी, पालक, चवळी त्या बाईंच्या पिशवीत कोंबली. त्यांना एवढी भाजी संपवता येईना आणि आईला त्यांचे पैसे ठेववेनात. असे आठवडाभर चालले. शेवटी मी मोडक्या इंग्रजीत समजावले, तेव्हा दोघीही एकमेकींवर रागावल्या आणि मग हसल्या. पाचपाखाडीकर ताई, परकेपणाची भरपाई जास्त पैसे देऊन करू नका, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

ओळख झाली ती दुपारी. अकरापर्यंत आईला मान वर करायला फुरसत नसे आणि संध्याकाळी पाचनंतर पुन्हा तेच, पण दोन ते चार या वेळात ती मेथी निवडत, जुड्या बांधत, पाणी शिंपडत बसलेली असे. त्या बाई एकदा अशा वेळी आल्या, आईच्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि काही न विचारता मटार सोलू लागल्या. सोलता येत नव्हते, दाणे गटाराकडे उडत होते. आईने त्यांच्या हातातून शेंग घेतली आणि अंगठ्याने शिवण कशी उसवायची ते दाखवले. तेवढेच. पुढे दोन वर्षे त्या आठवड्यातून एकदा तरी दुपारी येत, आणि दोघींमध्ये एकही पूर्ण वाक्य होत नसे. माझ्या बाळंतपणासाठी आई दहा दिवस बसली नाही, तेव्हा त्यांनी शेजारच्या कांदेवाल्याला हातवारे करून विचारले आणि पत्ता मिळवून घरी बाळाला टोपरे आणून दिले.

वाशीकर काका, आईने त्यांना कधी मैत्रीण म्हटले नाही, हे खरे आहे. ती म्हणायची, 'माझं गिऱ्हाईक आहे ते.' पण बाजारात 'माझं' हा शब्द कसा वापरतात हे तुम्हालाही ठाऊक असेल. त्या दुसरीकडून भाजी घेताना दिसल्या असत्या, तर आईने चार दिवस अबोला धरला असता.

आणि बदली होऊन जाणार असाल तर आधी सांगून जा. त्या बाई न सांगता गेल्या. कदाचित घाईत निघावे लागले असेल, पण आई महिनाभर दुपारी त्यांच्यासाठी मटार बाजूला काढून ठेवत होती.

पाचपाखाडीकर

सर्वांचे आभार. साडेतीन महिन्यांनी लिहीत आहे, कारण लिहिण्यासारखे काही घडायला तेवढा वेळ लागला. तो सातवा चांद्र महिना संपल्याचे कॅलेंडरवर पाहून मी एकदा सकाळी सव्वासहाला गेले आणि बोट दाखवून अर्धा किलो पेरू घेतले. त्या बाईंनी मला ओळखले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. नोट दोन्ही हातांनी दिली. त्यांनी ती घेऊन टोपलीवर हलकेच आपटली, आणि मागे वळून पाहण्याचे धाडस मला झाले नाही, पण जळका वास आला नाही.

जांभळी नाक्याच्या ताईंचे वाचल्यावर दुपारी जाऊ लागले. वय विचारले गेले, ३८ सांगितले. त्या ४४ वर्षांच्या आहेत, म्हणून आता त्या 'चि' आणि मी 'एम'. नाव अजून विचारलेले नाही आणि नावावाचून काही अडतही नाही.

थंडी पडल्यावर त्यांच्या शेजारच्या भाजीवालीकडे खरोखरच शेपू आली, पण इथे ती दोन-चार काड्यांच्या नाजूक पेंढीने विकतात. मी आठ पेंढ्या मागितल्या. भाजीवालीला वाटले मी आकडा चुकले. तिने एक पुढे केली, मी पुन्हा आठ बोटे दाखवली. मग फळवाल्या ताई मध्ये पडल्या, चहावाल्या आजोबांना बोलावणे गेले, आणि हिच्या घरी एवढे कोणते मासे शिजणार आहेत यावर चौघांची बैठक बसली. मोबाइलवरून भाषांतर करून 'मासे नाहीत, हीच भाजी, मुगाच्या डाळीबरोबर' असे दाखवले, तर त्यांचा विश्वासच बसेना, कारण सोललेल्या मुगाची डाळ त्यांच्याकडे बरेचदा गोड पदार्थांत जाते.

म्हणून काल डब्यात शेपूची भाजी नेली, लसणाची फोडणी देऊन, तिखट बेताचे घालून. ताईंनी पेरू कापायची सुरी पुसली, तिच्या टोकावर थोडी घेऊन चाखली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग डबा भाजीवालीकडे सरकवला. आज सकाळी त्या गल्लीतून मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेले, तेव्हा भाजीवालीने न मागता आठ पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. घरात कालच्या शिल्लक आहेत. घेतल्या.